मंदिर तेथे पाणी : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे जीवनकार्य

काशीस गंगेचा घाट उतरणारा यात्रेकरू, महेश्वरास नर्मदेच्या पायऱ्यांवर विसावणारा वाटसरू आणि वेरूळच्या शिवालय तीर्थात हातपाय धुऊन घृष्णेश्वराच्या दर्शनास निघालेला भाविक, या तिघांचाही संबंध एकाच थोर स्त्रीच्या पुण्याईशी येतो. त्या म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. त्यांनी बांधलेल्या व जीर्णोद्धार केलेल्या मंदिरांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या मंदिरांच्या जोडीने त्यांनी विहिरी, बारवा, कुंडे, घाट व पाणपोया यांचे जे कार्य केले, त्याकडे तितकेसे लक्ष जात नाही. मंदिर जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी देवींच्या चरित्रातील या बाजूचे स्मरण करणे उचित ठरेल.

जन्म व बालपण

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव हल्लीच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात, सीना नदीच्या काठी आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल नसलेल्या त्या काळात माणकोजींनी आपल्या लेकीस लिहावयास व वाचावयास शिकविले, ही गोष्ट त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष देते.

चौंडीचा परिसर हा कमी पावसाचा प्रदेश होय. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि इकडे येईपर्यंत त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही. अशा भागातील नद्या पावसाळ्यात दुथडी वाहतात आणि उन्हाळा लागला की त्यांचे पात्र कोरडे पडते. मग वाळूत झरा खणायचा, पाणी झिरपेपर्यंत वाट पाहायची, वाटीवाटीने घागर भरायची आणि ती डोक्यावर घेऊन घर गाठायचे, हा बायकांचा नित्यक्रम. अशा मुलखातील मुलीस पाण्याचे मोल कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

मल्हारराव होळकर मुक्कामास चौंडीस असताना त्यांनी या चुणचुणीत व भाविक मुलीस देवळात पाहिले आणि आपल्या घरची सून करण्याचे ठरविले, अशी आख्यायिका आहे. बालवयातच मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी अहिल्याबाईंचा विवाह झाला व त्या होळकरांच्या घरी आल्या.

सासरची शाळा

नीरेकाठच्या होळ गावातून निघालेले मल्हारराव पराक्रमाच्या बळावर माळव्याचे सुभेदार झाले होते. तलवार चालविणाऱ्या या पुरुषास माणसाची पारख उत्तम होती. सुनेची बुद्धी पाहून त्यांनी तिला हिशेब, पत्रव्यवहार, वसुली, फौजेची रसद, तोफखान्याचा दारूगोळा या सर्व कामांत हळूहळू तयार केले. सासूबाई गौतमाबाई याही मोठ्या करारी होत्या. इ. स. १७३४ मध्ये पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र खासगी जहागीर मिळाली होती. या खासगीचे उत्पन्न घराण्यातील स्त्रीच्या हाती असे व ते पुढे अहिल्याबाईंकडे आले. देवींनी जे अफाट धर्मकार्य व लोककार्य केले त्याचा आर्थिक पाया या खासगीत आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अहिल्याबाईंना दोन अपत्ये झाली, पुत्र मालेराव व कन्या मुक्ताबाई.

संकटांची मालिका

इ. स. १७५४ मध्ये भरतपूरजवळील कुंभेरच्या किल्ल्यास वेढा पडला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. अहिल्याबाई त्या वेळी अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जाण्यास निघाल्या. वृद्ध मल्हाररावांनी पदर पसरून त्यांना अडविले. पुत्र तर गेलाच, आता राज्याचा भार कोणाच्या खांद्यावर द्यावा, अशी त्यांची व्यथा होती. अहिल्याबाईंनी सासऱ्यांचा शब्द मानला. चितेवर न चढता त्यांनी प्रजेच्या सेवेत देह झिजविण्याचे ठरविले.

पुढे इ. स. १७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले. मालेराव गादीवर बसले. पण तेही १७६७ मध्ये वारले. सुमारे तेरा वर्षांच्या अवधीत पती, सासरे व पुत्र असे तिन्ही आधार गेले. बाईमाणसाच्या हाती दौलत कशी राहील, ही संधी साधून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादा पेशव्यांस चढाई करण्यास प्रवृत्त केले. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी इतर मराठा सरदारांकडे मदतीसाठी पत्रे पाठविली, फौजेची तयारी केली आणि स्त्रीशी लढून जिंकल्यास मोठेपणा नाही व हरल्यास नाचक्की होईल, हे दादांच्या ध्यानात आणून दिले. थोरले माधवराव पेशवे यांनी न्यायाची बाजू घेऊन अहिल्याबाईंचा अधिकार मान्य केला. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकर यांजकडे सोपविण्यात आली आणि मुलकी कारभार देवींनी स्वतःकडे ठेवला. येथून त्यांच्या सुमारे अठ्ठावीस वर्षांच्या राज्यकारभारास प्रारंभ झाला.

महेश्वरचा दरबार

देवींनी आपला मुक्काम नर्मदातीरी महेश्वर येथे ठेवला. तेथील विस्तीर्ण दगडी घाट आजही पाहणाराचे मन वेधून घेतात. विणकरांना त्यांनी आश्रय दिला व महेश्वरी लुगड्याचे नाव देशभर झाले.

त्यांचा दिनक्रम आखीव होता. सूर्योदयापूर्वी उठणे, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म व अन्नदान, त्यानंतर साधे भोजन व थोडी विश्रांती. दुपारी दरबारात बसून संध्याकाळपर्यंत काम आणि सायंपूजेनंतर पुन्हा रात्री उशिरापर्यंत कागदपत्रे. रयतेची गाऱ्हाणी त्या स्वतः ऐकत. सारा माफक असावा, वतनदारांचे व शेतकऱ्यांचे पूर्वापार हक्क मोडू नयेत, चांगला अधिकारी उगाच बदलू नये, हे त्यांचे धोरण होते. विंध्य व सातपुड्याच्या रानातील भिल्लांना त्यांनी केवळ दंड केला नाही. वाटसरूंचे रक्षण करण्याच्या अटीवर त्यांना त्यांचा परंपरागत अल्पसा कर, ज्यास भिलकवडी म्हणत, घेऊ दिला आणि पडीक जमिनी कसण्यास लावले. वाटा सुरक्षित झाल्या, तेव्हा व्यापारी व यात्रेकरू निर्धास्त चालू लागले.

खासगी आणि सरकारी

देवींच्या कारभाराचा एक विशेष दप्तरात काम करणाऱ्या प्रत्येकाने शिकावा असा आहे. राज्याचा महसूल वेगळा व खासगीचे उत्पन्न वेगळे, असा चोख हिशेब त्यांनी अखेरपर्यंत ठेवला. सरकारी पैसा फौज व कारभार यांजकडे लागे. मंदिरे, घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे यांचा खर्च त्या खासगीतून करीत. खुद्द तुकोजींनाही मोहिमेवरील खर्चाचा हिशेब द्यावा लागे व त्यावरून दोघांत कधी कधी कुरबुर होई. खासगीतील द्रव्यावर तुळशीपत्र ठेवून देवींनी ते धर्मकार्यास अर्पण केल्याचे सांगतात.

निव्वळ बांधून मोकळे होणे त्यांना पसंत नव्हते. पूजेअर्चेसाठी, दिवाबत्तीसाठी व अन्नछत्रासाठी त्या कायमची नेमणूक करून देत. बांधकामाचा खर्च एकदाच होतो, निगराणीचा खर्च दरसाल येतो, हा व्यवहार त्यांना पुरता समजला होता.

पाण्याची कामे

हिंदुस्थानच्या चारी दिशांना देवींची कामे आहेत. काशीस विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी इ. स. १७८० च्या सुमारास पुन्हा उभारले. सोमनाथास जुन्या भग्न देवळानजीक १७८३ मध्ये नवे मंदिर बांधले. गयेस विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये पूर्ण झाले. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराशी सासू गौतमाबाई व सून अहिल्याबाई अशा दोघींची नावे निगडित आहेत.

यातील बहुतेक ठिकाणी मंदिराच्या जोडीला पाण्याची सोय आढळते. काशीस मणिकर्णिका व दशाश्वमेध हे घाट त्यांनी बांधून काढले आणि अहिल्याबाई घाट तर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वेरूळला शिवालय तीर्थाच्या चारी बाजूंच्या पायऱ्या दुरुस्त झाल्या. जन्मगाव चौंडीस सीनेकाठी घाट व मंदिर झाले. यात्रामार्गांवर धर्मशाळा आली की तेथे विहीर किंवा बारव आलीच. माळव्यातून नर्मदेच्या खोऱ्यात उतरणारी विंध्याची अवघड वाट त्यांनी मोठा खर्च करून सुधारली. त्या वाटेवरील जामचा दरवाजा १७९१ मधील असून तो आजही उभा आहे.

बारव म्हणजे काय, हे तरुण पिढीस थोडे सांगणे जरूर आहे. साधी विहीर सरळ खोल असते. तिच्यातून पाणी काढावयास दोर, रहाट आणि हातांत बळ हवे. बारवेस वरपासून तळापर्यंत दगडी पायऱ्या असतात. पावसाळ्यानंतर पाणी वरच्या पायऱ्यांपाशी असते. जसजसा उन्हाळा चढतो तसतशी एकेक पायरी उघडी पडते. बाई घागर घेऊन पाण्यापर्यंत स्वतः उतरू शकते. दोर नसलेला वाटसरूही तहानेला राहात नाही. कितवी पायरी उघडी पडली यावरून मृगापर्यंत पाणी पुरेल की नाही, याचा अंदाज गावातील कोणतीही जाणती बाई करू शकते. खोल व अरुंद भागात ऊन कमी पोहोचते, म्हणून पाण्याची वाफ कमी होते. भिंतीतील देवकोष्ठांत देव बसविल्याने तेथे कोणी घाण करीत नाही. जवळच दगडी डोण बांधली की गुरांचीही सोय होते.

आपल्या दख्खनी मुलखात व माळव्यातही काळ्या पाषाणाचे थर आहेत. चार महिन्यांचा पाऊस वरच्या मुरुमात मुरतो आणि खालच्या कठीण खडकावर साठून राहतो. बारवेचे पोट त्या मुरुमाच्या झऱ्यांनी भरते. एका अर्थी पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवणारी ती गावाची पेढीच होय. मात्र पेढीत भरणा झाला नाही तर पैसे मिळत नाहीत, तसे गाळ काढला नाही व झरे मोकळे ठेवले नाहीत तर बारवही कोरडी पडते.

उन्हाळ्यातील दया

देवींच्या निधनानंतर पंचवीस वर्षांच्या आसपास सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातील वृद्ध माणसांकडून त्यांच्या आठवणी गोळा केल्या व १८२३ मध्ये आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केल्या. परक्या सत्तेच्या या अधिकाऱ्याने देवींच्या कारभाराची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. त्याच्या नोंदीनुसार उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी देण्यासाठी देवींची माणसे नेमलेली असत. महेश्वरच्या आसपास शेतात नांगर चालला असता देवींचा सेवक पाणी घेऊन येई, औत थांबवी आणि बैलांना पाणी पाजून मग पुढे जाई. शेतकरी पाखरांना आपल्या पिकावरून हाकलतो, त्यात त्याचा दोष नाही, हे जाणून देवींनी काही शेते विकत घेतली व ती पाखरांसाठी मोकळी सोडली. त्यामुळे शेतकऱ्याचे नुकसान झाले नाही आणि पाखरेही उपाशी राहिली नाहीत. दक्षिणेतील दूरदूरच्या देवस्थानांना गंगाजलाच्या कावडी पाठविण्याचीही त्यांनी व्यवस्था केली होती.

खरगोण येथील एका सावकार घराण्याची हकीकत दानशूर मंडळींनी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. त्या घरच्या विधवांनी आपली संपत्ती देवींस अर्पण करण्याची इच्छा दर्शविली. निपुत्रिकाचे धन सरकारजमा करून घेण्याची त्या काळी अनेक ठिकाणी रीत होती. देवींनी ते धन घेतले नाही. लोकांच्या उपयोगी पडेल व घराण्याचे नावही राहील अशा कामी ते लावावे, असा सल्ला त्यांनी दिला. त्यातून खरगोणला नदीवर घाट व गणपतीचे मंदिर झाले, असे सांगतात. स्वतः दान करणे मोठे खरेच, पण दुसऱ्याच्या दानास योग्य वाट दाखविणे हेही तितकेच मोठे काम होय.

पाण्यासाठी झटलेल्या अन्य स्त्रिया

या कामी देवी एकट्या नव्हत्या. त्यांच्या जन्माच्या सुमारास, १७१९ ते १७२४ या काळात, साताऱ्याजवळ लिंब येथे वीरूबाई भोसले यांनी प्रसिद्ध बारा मोटांची विहीर बांधविली. त्याआधी सोळाव्या शतकात गढा मंडलाच्या राणी दुर्गावती यांच्या नावाने जबलपूरला राणीताल झाला व त्यांच्या दासीच्या नावाने चेरीताल. गुजरातेत पाटण येथील राणीची वाव ही अकराव्या शतकातील राणी उदयमती यांची स्मृती आहे. ही परंपरा जुनी आहे व त्यास कारणही आहे. घरातील पाण्याचा हिशेब पिढ्यानपिढ्या बाईकडेच राहिला. किती घागरी आणल्या, किती उरल्या, पाहुणा आला तर कसे करायचे, हे तिलाच पाहावे लागते. तोच हिशेब राज्याच्या मापाने केला, हे अहिल्यादेवींचे मोठेपण आहे.

अखेरचे दिवस

देवींच्या वैयक्तिक दुःखाला अंत नव्हता. उतारवयात नातू नथोबा गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे निवर्तले व एकुलती एक कन्या मुक्ताबाई सती गेली. आईने तिला परोपरीने विनविले, पण तिचा निश्चय ढळला नाही. नर्मदाकाठी लेकीची चिता पाहण्याचा प्रसंग या मातेवर आला. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्नास स्पर्श केला नाही व त्या कोणाशी बोलल्या नाहीत, असे सांगतात. मग त्या पुन्हा कामास लागल्या.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी देवींनी देह ठेवला. स्वतःचे म्हणावे असे घरचे माणूस फारसे उरले नव्हते. मागे उरली ती मंदिरे, घाट, विहिरी आणि त्यांवर तहान भागविणारी लाखो माणसे.

स्मरणाचा अर्थ

देवींच्या स्मृतीचा सरकारदरबारीही मान झाला आहे. इंदूर व सोलापूर येथील विद्यापीठांना त्यांचे नाव आहे. २०२४ मध्ये त्यांच्या जन्मजिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले व २०२५ मध्ये त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. तथापि नाव देण्याने स्मरण पुरे होत नाही.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना हंडाभर पाण्यासाठी केलेली पायपीट आठवत असेल. त्यानंतर नळ आले, विंधनविहिरी आल्या, टँकर आले. हाताशी पाणी आले तसा बारवांचा विसर पडला. कित्येक गावांत देवळाजवळची जुनी बारव गाळाने, झुडपांनी व केरकचऱ्याने भरून गेली. विंधनविहिरी शेकडो फूट खोल गेल्या तरी वरून मुरणारे पाणी वाढले नाही. अलीकडे पावसाचाही भरवसा राहिलेला नाही. कधी महिन्याचा पाऊस एका दिवसात कोसळतो व माती घेऊन जातो, तर कधी ऐन पेरणीनंतर आठवडेच्या आठवडे कोरडे जातात. हवामान बदलल्याने असे होते, असे जाणकार सांगतात. अशा काळात धो धो आलेले पाणी जागीच अडवून मुरविणारी जुनी तळी, कुंडे व बारवा यांचे मोल पूर्वीपेक्षा वाढले आहे.

महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. गावच्या पाणीपुरवठा समितीतही निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे शासनाचे धोरण आहे. पण नाव कागदावर व सही घरच्या पुरुषाची, असे जेथे होते तेथे त्याचा उपयोग नाही. पाणी कोणत्या आळीस पोहोचत नाही, कोणती विहीर केव्हा आटते, हे गावच्या बायकांना जितके ठाऊक असते तितके कोणास नसते. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका पाटलाच्या लेकीच्या हाती कारभार आला, तेव्हा काय घडले हे सर्वांसमोर आहे.

मंदिराचा जीर्णोद्धार ही पुण्याची गोष्ट आहे. त्यासाठी ज्यांनी धन दिले, ज्यांनी श्रम दिले, ज्यांनी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली, ते सर्व धन्य होत. कळस चढला, रंग लागला, दात्यांची नावे शिळेवर कोरली गेली, म्हणजे काम संपले असे मात्र देवींच्या रीतीने म्हणता यावयाचे नाही. देवळाच्या आवारातील विहिरीचा वा बारवेचा गाळ निघावा, तिचे झरे मोकळे व्हावेत, पायऱ्या दुरुस्त व्हाव्यात, गुरांच्या डोणीत पाणी पडावे, दरवर्षीच्या निगराणीसाठी वर्गणीतील काही रक्कम वेगळी राखावी आणि तिचा हिशेब गावातील स्त्रियांच्या हाती असावा. तेव्हाच पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या मार्गाने हा जीर्णोद्धार पूर्ण झाला असे म्हणता येईल.

ग्रामदैवताच्या कृपेने ही सद्बुद्धी सर्वांना होवो, गावच्या विहिरींस बारमाही पाणी राहो आणि कोणाही मायबहिणीच्या डोक्यावरील घागर रिकामी न राहो, हीच प्रार्थना.